लग्नपत्रिका, ओलं कुंकू आणि कानबान

कामाचं बोला : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘सगळं सुरू आहे, संपत काहीच नाही’ या एका वाचकाच्या तक्रारीला उत्तर देताना मी कानबान या कामाच्या पद्धतीचा ओझरता उल्लेख केला होता. सगळी कामं भिंतीवर मांडायची, एका वेळी किती हातात घ्यायची याचा आकडा ठरवायचा आणि एक हातावेगळं झालं की मगच पुढचं ओढायचं, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच दिला आहे. लांब पत्रं जागेअभावी आटोपशीर केली आहेत.

ताई, मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. आम्ही दहा जण. नवीन डेव्हलपमेंट आणि क्लायंटचा सपोर्ट, दोन्ही आमच्याच गळ्यात. गेल्या वर्षी कंपनीने बाहेरून ट्रेनर बोलावून दोन दिवस कानबान शिकवलं. स्लाइड्स छान होत्या, जेवणही छान होतं. सोमवारी सगळे पुन्हा पहिल्यासारखे. आता मॅनेजर म्हणतात, एक दिवस देतो, तूच काय ते कर. या एका दिवसात काय करू?
— एक वाचक, वाकड

आधी वाराचं बघा. शनिवार घेऊ नका. सुट्टी बुडवून आलेल्या माणसाचं अर्धं लक्ष घड्याळात असतं. बुधवार मागा. बुधवार द्यायला मॅनेजर तयार नसतील, तर त्यांना कानबान केल्याची नोंद हवी आहे, एवढं ओळखून मग आपला किती जीव ओतायचा ते ठरवा.

दुसरं, प्रोजेक्टर लावू नका. ‘हातातलं काम कमी ठेवा’ हे वाक्य ऐकून मान न डोलावणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि नुसतं ऐकून वागणारासुद्धा. ते हाताला कळावं लागतं. त्यासाठी मी लग्नपत्रिकांचा खेळ घेते. अप्पा बळवंत चौकातून शंभरेक साधी कार्डं आणि तेवढीच पाकिटं आणायची. घरून हळदकुंकू, दोन वाट्या, थोडं पाणी. पाच टेबलं ओळीने लावायची. पहिल्यावर पत्रिकेची घडी. दुसऱ्यावर पाकिटावर नाव-पत्ता. तिसऱ्यावर पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू. चौथ्यावर वाळलेली पत्रिका पाकिटात. पाचव्यावर तपासणी. पाच जण कामाला, बाकीचे निरीक्षक. एका निरीक्षकाकडे घड्याळ द्या आणि पेन्सिलीने खूण केलेल्या एकाच पत्रिकेचा प्रवास त्याला बघायला सांगा. मॅनेजरना दुसऱ्या टेबलावर बसवा. का, ते पुढे येईल.

पहिली फेरी पंधरा मिनिटांची. नियम असा की ज्याने त्याने आपापल्या टेबलावर जमेल तितकं भराभर करायचं आणि दहा-दहाचा गठ्ठा करून पुढे सरकवायचा. पाचेक मिनिटांतच चित्र दिसायला लागतं. घडी घालणारा सुसाट. नावं लिहिणाऱ्यापुढे ढीग. तपासणारा मोबाइल बघतोय. तिसऱ्या टेबलावर जागा पुरत नाही म्हणून ओल्या पत्रिका एकावर एक ठेवल्या जातात, खालच्या पत्रिकेचं कुंकू वरच्या पत्रिकेच्या पाठीला लागतं आणि तपासणारा ती बाद करतो. हे कुणाला आधी सांगू नका, आपोआप होतं. ढीग साठला की चुकाही साठतात, हे त्या लाल डागांइतकं स्पष्ट मला कुठल्या आलेखात दाखवता आलेलं नाही.

मग मध्येच तुम्ही वरमाय व्हा. मोठ्याने सांगा, ‘अहो, पाकिटावर नावाखाली सहकुटुंब सहपरिवार लिहायचं राहिलंच की! सगळ्यांवर हवं, नाहीतर माणसं रुसतात.’ झालेल्या, अर्ध्या झालेल्या, ढिगातल्या, सगळ्या पाकिटांवर पुन्हा हात फिरवावा लागतो. टीमला क्लायंटचा बदललेला रिक्वायरमेंट आठवतो. तुम्ही काही बोलायची गरज नसते.

दुसऱ्या फेरीत गठ्ठे बंद. टेबलांच्या मध्ये खडूने दोन-दोन चौकोन आखा, एका चौकोनात एकच पत्रिका. पुढचे चौकोन भरलेले असतील तर हात थांबवायचा. पहिल्या मिनिटात घडी घालणारा थांबतो आणि अवघडून इकडेतिकडे बघतो. इथे आयोजकाने तोंड बंद ठेवायचं असतं, आणि ते फार जड जातं. थोड्या वेळाने तो आपणहून उठतो, नावं लिहिणाऱ्याला पत्ते वाचून दाखवू लागतो, नाहीतर सरळ दुसरं पेन उचलतो. वरमाय पुन्हा एखादा बदल घेऊन येते तेव्हा दुरुस्तीला मोजकीच पाकिटं निघतात. खुणेच्या पत्रिकेची वेळ फळ्यावर लिहा, दोन्ही फेऱ्यांची शेजारी शेजारी.

हिशोब हवाच असेल तर एकच सांगा. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी 1961 मध्ये तो गणिताने सिद्ध केला. टेबलांवर एकूण 24 पत्रिका अडकलेल्या असतील आणि मिनिटाला 2 पूर्ण होत असतील, तर एका पत्रिकेला सरासरी 12 मिनिटं लागणार. त्याच वेगाने काम करून टेबलांवर फक्त 6 ठेवल्या तर 3 मिनिटं. कुणी जास्त घाम गाळलेला नाही, अडकलेल्या पत्रिका तेवढ्या कमी झाल्या.

तयार खेळही मिळतात. न्यूझीलंडच्या रसेल हीली यांचा गेटकानबान हा बोर्ड गेम चांगला आहे, त्यात आलेख काढायलाही शिकता येतं. पण त्यात फाशांवर काम सरकतं. पहिल्याच दिवशी मला बोटं लाल झालेली जास्त आवडतात.

जेवणानंतर पत्रिका बाजूला. दुपार पूर्णपणे तुमच्या स्वतःच्या कामाची. मला वाटतं, गेल्या वर्षीचं ट्रेनिंग वाया गेलं ते इथेच. सगळा वेळ दुसऱ्याच्या उदाहरणांत गेला असणार. प्रत्येकाने आपल्या हातात आज असलेलं प्रत्येक काम वेगळ्या चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात लिहायचं. जिरातलं (म्हणजे कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमधलं), मेलमधलं, व्हॉट्सॲपवर आलेलं, साहेबांनी लिफ्टमध्ये सांगितलेलं, सगळं. मग भिंतीवर रकाने करा. ‘टू डू, डूइंग, डन’ हे तीन रकाने बघितले की मी फाडून टाकते. त्यात तुमचं काम कुठेच दिसत नाही. शेवटाकडून मागे या. काम प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात गेलं, त्याआधी काय झालं? डिप्लॉयमेंटची वाट बघत होतं. त्याआधी? टेस्टिंग. त्याआधी? क्यूएला, म्हणजे टेस्टिंग करणाऱ्याला, वेळ मिळायची वाट. हे वाट बघण्याचे रकाने वेगळे काढाच, कारण काम बहुतेक वेळा तिथेच बसलेलं असतं. सपोर्टसाठी वर एक आडवी पट्टी ठेवा आणि ‘तातडीचं’ म्हणजे काय ते तिच्या शेजारीच लिहून चिकटवा. तातडीचं काम एका वेळी एकच.

आकडा पहिल्या दिवशी एकाच रकान्यावर घाला, जिथे चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चढल्या आहेत तिथे. बाकी सगळं आहे तसं. कुणाचं पद बदलू नका, कुणाची मीटिंग रद्द करू नका. आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू बदलायचं, हे कानबानचं पहिलं तत्त्व आहे आणि भांडणं टाळायलाही बरं.

नमस्कार. मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो. दोन बिनची, म्हणजे सुट्या भागांच्या दोन डब्यांची पद्धत, कार्ड लावलेल्या ट्रॉल्या, सगळं हाताळलंय. परवा मुलगा सांगत होता, त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत कानबान नावाची नवी पद्धत आली. मी गालातल्या गालात हसलो. आमचं आणि त्यांचं कानबान एकच का?
— एक ज्येष्ठ वाचक, चिंचवड

काका, हसलात ते योग्यच केलंत. मीही आधी कारखान्यात प्लॅनिंगला होते आणि मग सॉफ्टवेअरमध्ये आले, त्यामुळे दोन्हीकडची कार्डं पाहिली आहेत. मूळ तुमचंच. टोयोटाचे ताइची ओहनो यांना ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली. गिऱ्हाईक फळीवरून माल उचलतं आणि जेवढा उचलला तेवढाच मागून भरला जातो. 1953 मध्ये त्यांनी ती मशीन शॉपमध्ये लावली. गंमत अशी की अमेरिकेत जाऊन सुपरमार्केट प्रत्यक्ष पाहण्याचा योग त्यांना 1956 मध्ये आला.

मुलाच्या बाजूची गोष्ट 2004 ची. मायक्रोसॉफ्टमध्ये कंपनीच्या अंतर्गत सॉफ्टवेअरच्या किरकोळ दुरुस्त्या करणारी एक टीम होती. काम करणारी माणसं बसत होती आपल्या हैदराबादला. एका दुरुस्तीला सरासरी पाच महिने लागत. सॉफ्टवेअरच्या कामात कानबान रुजवणारे डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने त्यांनी दोन मुख्य गोष्टी केल्या. आलेल्या प्रत्येक विनंतीला ‘किती दिवस लागतील’ याचा अंदाज काढत बसण्यात बराच वेळ जात होता, ते थांबवलं. आणि रांगेत किती कामं घ्यायची याला मर्यादा घातली. पाच महिन्यांचं काम साधारण दोन आठवड्यांवर आलं. नवी माणसं जादूची कांडी घेऊन आली नव्हती.

फरक मात्र आहे, आणि तो मुलाशी बोलताना उपयोगी पडेल. तुमच्याकडे कार्ड म्हणजे परवानगी. रिकाम्या बिनबरोबर कार्ड मागे गेलं की ‘एवढे नग करा’ असा निरोप पोचला. मुलाच्या भिंतीवरची चिठ्ठी म्हणजे प्रत्यक्ष काम. तिथे परवानगी देते ती रकान्यातली रिकामी जागा. तुमच्याकडे तोच भाग पुन्हा पुन्हा येतो, त्याच्याकडे प्रत्येक काम निराळं. आणि सगळ्यात मोठी अडचण, तुम्हाला साठलेला माल चालताना पायाला लागायचा. त्याचा साठलेला माल संगणकात असतो, कुणाच्या पायाला लागत नाही. म्हणून तर भिंत. एखाद्या रविवारी दोघं समोरासमोर बसा. कार्ड हरवलं की लाइनवर काय गोंधळ व्हायचा तेवढं त्याला सांगा. चिठ्ठी न लावता केलेल्या कामाचा तोच गोंधळ त्याच्या ऑफिसात रोज होत असणार.

आमच्याकडे जिरामध्ये कानबान बोर्ड तयार आहे. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवणं म्हणजे बालवाडी नाही का? शिवाय निम्मी टीम घरून काम करते.
— एक वाचक, कोथरूड

निम्मी टीम घरी असेल तर कायमचा बोर्ड ऑनलाइनच ठेवा, वाद नाही. पण कार्यशाळेच्या दिवशी सगळ्यांना बोलवा आणि भिंत वापरा. जिरातला बोर्ड बहुतेक ठिकाणी एका माणसाने बसवलेला असतो आणि बाकीचे त्यात भाडेकरूसारखे राहतात. भिंतीवर रकाना कुठे आखायचा यावर दोन डेव्हलपर आणि एक टेस्टर तावातावाने भांडले की तो बोर्ड त्यांचा होतो. नंतर तोच जिरात उतरवा. आणि जिरात रकान्याची मर्यादा ओलांडली की रकाना रंग बदलतो, तुम्हाला अडवत नाही, हे ध्यानात ठेवा. अडवायचं काम माणसांनीच करायचं आहे.

मी खराडीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. तुमचा मुद्दा पटतो, पण व्यवहारात बसत नाही. मर्यादा घातली की कुणी ना कुणी रिकामं बसणार. आमचा क्लायंट तासांवर पैसे देतो. रिकामा माणूस डायरेक्टरना दिसला तर पहिला प्रश्न मला विचारला जाईल.
— एक वाचक

सगळ्या पत्रांत हे मला सर्वांत प्रामाणिक वाटलं. कानबान मोडतं ते इथेच. चिठ्ठ्यांना कुणाची हरकत नसते, आकड्याला असते.

वरच्या उत्तरात मॅनेजरना नावं लिहायच्या टेबलावर बसवा म्हटलं, ते यासाठीच. पहिल्या फेरीत तो ढीग त्यांच्यासमोर साठतो. मान वर करायला फुरसत नसते, शेजारचे ‘साहेब, लवकर’ म्हणत असतात. ढिगाच्या आत बसल्यावर ‘सगळे बिझी आहेत ना, मग ठीक’ हे वाक्य निराळं ऐकू येतं. जमलं तर तुमच्या डायरेक्टरनाही अर्धा तास तिथेच बसवा. बाकी दिवस नाही आले तरी चालेल. उद्घाटनाला येऊन दोन शब्द बोलून जाणाऱ्या साहेबांना मात्र बोलवू नका, खेळाचा रसभंग होतो.

आता तासांचं. मर्यादेमुळे थांबलेला डेव्हलपर टेस्टिंगला हात लावतो, कुणाचा कोड तपासतो, अडलेल्या कामासाठी क्लायंटला फोन करतो. हे सगळे तास त्याच प्रोजेक्टचे आहेत, टाइमशीटवर रीतसर जातात. क्लायंटने कामासाठी पैसे दिले आहेत, काम पूर्ण होऊन हातात पडलं तर तो तक्रार का करेल? तुमच्याकडे ‘डेव्हलपरने टेस्टिंग करायचं नाही’ असा करारच असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी करार वाचा, मग आकडा ठरवा.

आकड्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. आज भिंतीवर चालू कामं 26 निघाली म्हणून उद्यापासून 10 असा फतवा काढू नका, दोन दिवसांत लोक चिठ्ठ्या लपवतील. 22 वर या. ते अंगवळणी पडलं की 18. प्रत्येक वेळी कुठेतरी कळ येईल. बघा, क्यूए एकच आहे, किंवा डिप्लॉयमेंटची परवानगी ज्यांच्याकडे आहे ते शुक्रवारीच भेटतात. ते आधीपासूनच तसं होतं, ढिगाखाली झाकलेलं होतं. आणि आकडा मोडायची वेळ आली तर मोडा, पण बोर्डासमोर उभं राहून, कुणासाठी आणि का मोडतोय ते मोठ्याने सांगून. चोरून मोडलेला आकडा आठवडाभरात शोभेचा होतो.

ताई, सदाशिव पेठेत माझं सीएचं छोटं ऑफिस आहे. चार आर्टिकल्स, म्हणजे सीएचं प्रशिक्षण घेणारी मुलं, आणि दोन अकाउंटंट. आयटीवाल्यांचं हे प्रकरण आम्हाला लागू पडेल का? आमच्याकडे कामं आम्ही ओढत नाही, तारखा आम्हाला ओढतात.
— एक वाचक, सदाशिव पेठ

लागू पडेल, आणि आयटीपेक्षा सरळ. तुमच्या कामांचे टप्पे ठरलेले आहेत. पण दोन गोष्टी तुमच्या निराळ्या आहेत, त्या बोर्डावर आधी दिसायला हव्यात.

एक म्हणजे तारखा. मार्चचा अपवाद सोडला तर टीडीएस भरायची 7, मासिक भरणाऱ्यांची जीएसटीआर-1 या जीएसटी विवरणपत्राची 11, जीएसटीआर-3बी ची 20. ही कामं बाकीच्या कामांत मिसळू नका. त्यांना वेगळ्या रंगाची चिठ्ठी द्या आणि शेवटच्या तारखेऐवजी, काम कधी हातात घेतलं तर निवांत होईल ती तारीख ठळक लिहा. अनुभवी अकाउंटंट ती तारीख झटकन सांगतात, विचारून बघा. मग 18 तारखेला सगळं ऑफिस एकाच पोर्टलवर चक्र फिरताना बघत बसणार नाही.

दुसरं म्हणजे ‘कागद यायचे आहेत’. तुमच्या अर्ध्या फाइली इथे असणार. क्लायंटने बँक स्टेटमेंट पाठवलेलं नाही, परदेशातल्या मुलाची सही राहिली आहे, भाड्याच्या पावत्या ‘उद्या देतो’. अशी फाइल आर्टिकलच्या टेबलावर पडून राहते, तो ती चालू समजतो आणि वर नवी घेतो. या फाइलींसाठी एक रकाना काढा, त्यालाही आकडा घाला. भरला की नवी फाइल उघडायची नाही, आधी फोन करायचे. आर्टिकल्सना फोन करायचा भयंकर कंटाळा असतो, माहीत आहे. ऑडिटच्या फाइलीत डोकं घालून बसणं त्यांना परवडतं. भिंतीसमोर उभं राहून एकेक नाव घेतलं की ते टळत नाही. फोन केल्याची तारीख चिठ्ठीच्या मागे लिहायला लावा.

पत्रिकांचा खेळ तुमच्याकडेही चालेल. तुम्ही स्वतः तपासणीच्या टेबलावर बसा, कारण खऱ्या आयुष्यात सगळ्या फाइली तुमच्या सहीसाठीच थांबलेल्या असतात आणि हे तुम्हाला सांगायची कुणाची टाप नसते. खेळात मात्र मुलं बिनधास्त सांगतात. दुसऱ्या फेरीत तुमच्यासमोर दोनच चौकोन. ते भरले की मागचे सगळे हात थांबतात आणि सहाही जण तुमच्याकडे बघतात. आर्टिकल्स हसतील, हसू द्या.

दुपारी बोर्ड मांडताना ‘सहीसाठी’ हा रकाना विसरू नका. प्रत्येक चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात फाइल ऑफिसात आल्याची तारीख घाला आणि खालच्या कोपऱ्यात बाहेर गेल्याची. बाकी कुठलाही तक्ता भरायची गरज नाही. महिनाअखेर त्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या की कोणत्या प्रकारचं काम किती दिवस घेतं ते तुमच्याच अक्षरात मिळतं, आणि पुढच्या वेळी क्लायंटला ‘बघतो’ म्हणायच्या ऐवजी दिवस सांगता येतात.

कधी घ्यायचं तेही विचारलं असतंत, म्हणून सांगते. जुलै ते ऑक्टोबर विषयच काढू नका. नोव्हेंबरात 11 आणि 20 च्या मधला एखादा दिवस धरा. परीक्षा असलेल्या आर्टिकल्सच्या रजा आधी विचारून घ्या आणि कुंकू थोडं जास्त आणा. पहिल्या फेरीत निम्मं सांडतंच.